पुठ्ठ्यावरचे पाच थेंब

माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की त्याच्या पायाखालची जमीन काळी पडते.

माझ्या आयुष्यात तो एका मंगळवारी सकाळी सव्वासातला आला. जमीन सोसायटीची होती. नवे पेव्हर ब्लॉक, बसवून जेमतेम तीन आठवडे झालेले.

“क्षमा, हे तेल तुझ्या गाडीचं,” विद्याधरकाका म्हणाले. विद्याधरकाका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. मुलुंड पूर्वेला ही बिल्डिंग उभी राहिली तेव्हापासून आहेत, आणि ती पडेपर्यंत राहतील असा सगळ्यांचा अंदाज आहे. त्यांनी डागाचे फोटो काढले होते. एका फोटोत आकार कळावा म्हणून डागाशेजारी स्वतःची चप्पल ठेवली होती.

“माझ्याच गाडीचं कशावरून?”

“तुझ्याच गाडीखाली आहे.”

मी वाकून बघितलं. होतं. संध्याकाळी लेखी नोटीस आली. गळती बंद करा, नाहीतर गाडी कंपाउंडबाहेर लावा.

गाडीला डिसेंबरअखेर पंधरा वर्षं पूर्ण होत होती. म्हणजे पुढे चालवायची तर आरटीओत फिटनेस, आणि गळणारी गाडी तिथे कोण पास करणार? दोनच रस्ते होते. दुरुस्ती, नाहीतर भंगार. ज्यांना ज्यांना विचारलं, त्या सगळ्यांनी भंगार सांगितलं. काहींनी तर न विचारताच.

मी घाटकोपरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. अठरा वर्षं. दिवसभर लोकांचं रक्त बघते, संध्याकाळी घरी येते, एक वाटी तांदूळ लावते. पूर्वी दोन लावायचे. चार वर्षं, आठवड्यातून तीनदा, बाबांना याच गाडीतून डायलिसिसला नेलं. ते डावीकडे बसायचे आणि सीटचा पट्टा लावायचा कंटाळा करायचे, म्हणून मी चावी फिरवायच्या आधी म्हणायचे, “पट्टा.” ते पुटपुटत लावायचे.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. मी अजून म्हणते. पट्टा कुणी लावत नाही, पण गाडी सुरू होते. रविवारी ऐरोलीच्या पुलापर्यंत जाते आणि परत येते. पुलावर काही काम नसतं. घरीही नसतं, पण पुलावर वारा असतो.

तेव्हा भंगार, हा शब्द मला चालण्यासारखा नव्हता. मी दुरुस्तीचा खर्च काढायला निघाले.

पहिलं सर्व्हिस सेंटर एसी होतं. टाय लावलेल्या एका गृहस्थाने मला कॉफी दिली आणि माझ्या मागे बघितलं.

“सर नाही आले?”

“कोण सर?”

“नाही, म्हणजे… गाडीचं कोण बघतं?”

“मीच बघते. दोन्ही डोळ्यांनी.”

त्याने गाडी वर उचलली, खालून टॉर्च मारला आणि गंभीर झाला. आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट देताना असं तोंड करायला बंदी आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं सील गेलंय, इंजिन उतरवावं लागेल. बेचाळीस हजार, वर जीएसटी. कॉफी फुकट होती.

दुसरं गॅरेज विक्रोळीला, कन्नमवारनगरात. मालकाचं नाव केतन. केतनशेठने गाडी न उचलताच सांगितलं, “मॅडम, सील तर गेलंच. उतरवतोच आहे तर क्लचप्लेट पण टाकून घ्या. पन्नास होतील. तुमच्यासाठी म्हणून.”

मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. माझ्यासाठी म्हणून म्हणजे नक्की कुणासाठी, हे विचारणार होते. पण तोंडातून भलतंच निघालं.

“मिस्टरांना विचारून सांगते.”

केतनशेठ थबकला. मान खाजवली. “छत्तीसमध्ये बसवू. सरांना सांगा.”

ज्या नवऱ्याने अजून जन्मच घेतला नव्हता, त्याने एका वाक्यात चौदा हजार वाचवले. लग्नाचे फायदे मला बेचाळिसाव्या वर्षी, कन्नमवारनगरात, रविवारी सकाळी साडेदहाला समजले.

परत येताना हायवेवर जळका वास सुरू झाला. कांजूरच्या जवळ बॉनेटच्या फटीतून निळसर धूर — बारीक, उदबत्तीएवढा. मी घाबरून गाडी डावीकडे घेतली, कांजूर गावाच्या रस्त्याला लावली आणि खाली उतरून बॉनेटकडे नुसती बघत उभी राहिले. बॉनेट उघडायचं बाबांना माहीत होतं.

“बंद करा! आधी बंद करा ना!”

समोरून एक माणूस जवळजवळ धावतच आला. पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री, केस पाण्याने चापून बसवलेले. त्याने खिडकीतून हात घालून चावी फिरवली, बॉनेट उघडलं आणि नाक पुढे केलं. एखादी सुगरण कढईवर वाकते तसं.

“तेल एक्झॉस्टवर पडतंय. आग नाही, घाबरू नका.” मग त्याने माझ्याकडे बघितलं. “कुठे दाखवलीत?”

मी दोन्ही आकडे सांगितले. तो हसला नाही. मला बरं वाटलं.

“मी इसिडोर. हे समोरचं गॅरेज माझं. आज बंद आहे, चर्चमधून, मिस्साहून आलोय.”

समोर खरंच एक गॅरेज होतं. आंब्याच्या झाडाखाली पत्र्याची शेड, मागे कौलारू घर, आणि घराच्या पायरीवर एक म्हातारी लसूण सोलत बसलेली.

“किती होतील?” मी विचारलं. आणि तो काही बोलायच्या आत ढाल पुढे केली, “म्हणजे मिस्टरांना विचारूनच ठरवणार आहे.”

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि जागेवर बसलं. “बरोबर. विचारा. पण मी आत्ता आकडा सांगणार नाही.”

“का?”

“कुठून गळतंय ते माहीत नाही ना.”

बाकीच्या दोघांची अशी कुठलीच अडचण झाली नव्हती.

“असं करू,” तो म्हणाला, “मी इंजिन धुऊन देतो. स्वच्छ. मग तुम्ही रोजच्या जागी गाडी लावा, खाली एक पुठ्ठा ठेवा, आणि पुढच्या रविवारी तो पुठ्ठा मला आणून दाखवा. पुठ्ठा खोटं बोलत नाही.”

त्याने पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या. पायरीवरून हाक आली, “इसिडोर! शर्ट काढ आधी, मेल्या! नवा हाय तो!”

“आई,” तो मला म्हणाला, जसं काही हे सांगायची गरज होती.

शर्ट काढायचं त्याला माझ्यासमोर जमेना. तसाच इंजिन धुवायला लागला. अर्ध्या तासात शर्टाची वाट लागली.

मी नमुना गोळा करणारी बाई. मला पुठ्ठा सांगितला तर मी पुठ्ठा कसा आणीन? हातमोज्यांच्या खोक्याचा, एकसारखा कापलेला, कोपऱ्यात लेबल: नमुना क्र. १, तारीख, ठेवल्याची वेळ, काढल्याची वेळ.

पुढच्या रविवारी इसिडोरने लेबल दोनदा वाचलं. हात फडक्याला पुसले, मग पुन्हा पुसले, आणि पुठ्ठा कडेने धरला. एक्स-रे धरतात तसा, उजेडाकडे. खरं तर पुठ्ठ्यातून काही दिसत नाही.

“या इकडे.” त्याने मला इंजिनावर वाकायला लावलं. “ही झाकणाची कड बघा. इथून सुटतंय. मागच्या बाजूने ओघळत जातं, थोडं एक्झॉस्टवर, बाकीचं खाली. खाली बरोबर सीलच्या जागेवरून टपकतं. म्हणून खालून बघणाऱ्याला वाटतं, सील गेलं. वरून कुणी बोट फिरवून बघत नाही.”

त्याने बोट फिरवून दाखवलं. मग म्हणाला, “तुम्ही फिरवा.”

मी फिरवलं. बोटाला काळं, कोमट तेल लागलं. त्याने फडकं पुढे केलं आणि मी ते घेताना त्याने ते अगदी टोकाला धरलं होतं. विवाहित बाईला फडकं कसं द्यावं, याचे त्याचे काही नियम होते.

“टॅपेट कव्हरचं, म्हणजे या झाकणाचं पॅकिंग. सहाशे चाळीस. मजुरी पाचशे. अकराशे चाळीस झाले. मिस्टरांना विचारा.”

“विचारलं,” मी म्हणाले.

“कधी?”

“ते… हो म्हणतील.”

“बरं. बिलावर कुणाचं नाव घालू?”

रविवारी लॅबमध्ये न जाताही माझ्या डोक्यात रक्ताच्या बाटल्याच असतात. “देवदत्त,” मी म्हणाले. शनिवारच्या शेवटच्या बाटलीवरचं नाव. उपाशीपोटी साखर एकशे ऐंशी.

“काय करतात?”

“बोटीवर असतात. मर्चंट नेव्ही.”

“मग घरी कधी?”

“येतात. मधूनमधून.”

इसिडोरने मान हलवली आणि पॅकिंग बदलायला घेतलं. मी आंब्याखाली स्टुलावर बसले. दुपारचं ऊन पानांतून खाली येत होतं, शेडमध्ये रेडिओ हळू लागलेला, आणि कुणीतरी माझ्यासाठी काहीतरी करतंय आणि मी नुसती बसलेय, ही गोष्ट मला इतकी नवी होती, की पायांचं काय करावं हे मला कळेना. एकदा एकावर एक टाकले. मग सरळ ठेवले.

सेराफिनामावशींनी — हे त्याच्या आईचं नाव — पायरीवरून चौकशी केली, “मासे खातेस गो?”

“खाते.”

“बामणाची वाटत होतीस.”

“सीकेपी.”

“मंग तू आमच्याहून जास्ती खाशील,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने बशीत बोंबिलाचे दोन तळलेले तुकडे आले. नवऱ्याला घेऊन ये एकदा जेवायला, असंही त्या म्हणाल्या. म्हणताना माझ्या मनगटाकडे बघत होत्या, मग गळ्याकडे. मी ओढणी सारखी केली.

काम झाल्यावर इसिडोरने उरलेल्या तेलाची बाटली माझ्या हातात दिली. नवं तेल, मधाच्या रंगाचं. “कमी झालं तर घाला. आणि पुढच्या रविवारी एक पुठ्ठा आणा, खात्रीसाठी. कोरा निघाला की आपला संबंध संपला.”

त्याने हे अगदी चांगल्या अर्थाने म्हटलं होतं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी तर मला वर्षाचं पॅकेज देऊ केलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी सातला मी गाडीखालून पुठ्ठा काढला. कोरा. चारही कोपऱ्यांना कोरा. विद्याधरकाका दुधाची पिशवी घेऊन बाजूने गेले, खाली वाकले, पेव्हर ब्लॉक बघितले आणि “उत्तम” म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द सोसायटीने कधी ऐकला नसेल.

मी पुठ्ठा घेऊन वर आले. डायनिंग टेबलवर ठेवला. टेबलाला चार खुर्च्या आहेत. तीन खुर्च्यांवर इस्त्रीचे कपडे असतात. आपला संबंध संपला. चहा केला, तो प्यायले. पुठ्ठ्याकडे बघितलं. घड्याळात नऊ वाजले, आणि अकरापर्यंत, म्हणजे मिस्सा सुटेपर्यंत, वाट बघायची हे ठरलेलं होतं. अकरानंतरचं काहीच ठरलेलं नव्हतं. ते पुढचे रविवारही मला दिसले, एकामागे एक, कोरे. मध्ये ऐरोलीचा पूल.

अठरा वर्षांत मी एकाही नमुन्याला हात लावलेला नाही. एकदा एका नगरसेवकाच्या माणसाने रिपोर्ट जरा बरा करून मागितला, तेव्हा मी त्याला जिन्यापर्यंत पोचवला होता. हे मी मुद्दाम सांगते. कारण साडेनऊला मी बाल्कनीतल्या झाडांना औषध घालायचा ड्रॉपर धुतला, त्यात इसिडोरने दिलेलं तेल ओढलं आणि पुठ्ठ्यावर पाच थेंब टाकले.

मग लेबल लावलं. नमुना क्र. २.

इसिडोरने पुठ्ठा उजेडात धरला. खूप वेळ. मी आंब्याकडे बघत राहिले.

“गळतंय,” मी म्हणाले.

“दिसतंय.”

“गंभीर आहे का?”

“हं…” त्याने बॉनेट उघडलं, दोन बोल्ट बघितले, पुन्हा बंद केलं. “आत्ताच सांगता येणार नाही. अजून एक पुठ्ठा बघू. पुढच्या रविवारी जमेल?”

“बघते. मिस्टरांना—”

“विचारा, विचारा.”

जमलं. क्रमांक तीनही जमला. त्या रविवारी तो बॉनेटला टेकून उभा होता आणि मी स्टुलावर. गाडीचं काम काहीच चाललं नव्हतं. फक्त बॉनेट उघडं होतं, लोकांना दिसावं म्हणून.

“मिस्टरांचा फोन आला होता का?”

“आला ना. सिंगापूरला आहेत.”

“मागच्या वेळी रॉटरडॅम होतं.”

“बोट आहे. पुढे जाते.”

“आठ दिवसांत? फास्ट बोट आहे.” त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. “गोड खातात का हो? आई डिसेंबरात केक करते.”

“नाही, त्यांना शुगर आहे.”

“अरेरे. किती?”

“उपाशीपोटी एकशे ऐंशी.”

“जपा त्यांना,” इसिडोर म्हणाला. आणि मग, फडक्याशी चाळा करत, “तुमच्याशी बोलायला त्यांना… म्हणजे फोनवर, रेंज वगैरे… मिळते ना?”

रेडिओवर कुणीतरी खोकल्याच्या औषधाची जाहिरात करत होतं. त्याने माझा चहाचा ग्लास उचलून बॉनेटच्या कडेला ठेवला, माझ्या हातापासून वीतभर लांब, आणि मागे सरकला. तो नेहमी असाच ठेवायचा. मला एकदा वाटलं, सरळ सांगावं. पण खोट्या नवऱ्याला मारायचं म्हणजे आपण इतके दिवस का जगवला, हेही सांगावं लागतं.

निघताना मावशींनी मला पायरीशी थांबवलं. “ह्याचं लगीन ठरलेलं एकदा. सेलिना. चांगली होती. कुवेतला गेली नोकरीला, दोन वर्सांत येते बोलली.” त्यांनी लसणाची साल फुंकली. “वीस झाली. ह्यानं तिच्या बापाची फियाट दुरुस्त करून ठेवली, ती येणार म्हणून. एकदम झकास. बापानं विकली ती.”

त्या रात्री मी जेवताना तीनपैकी एका खुर्चीवरचे कपडे उचलून कपाटात ठेवले. का, ते मला सांगता येणार नाही.

क्रमांक चार नाताळच्या आदल्या रविवारचा. शेडला कागदी चांदणी टांगली होती. मंगळवारी आरटीओची तारीख मिळालेली. म्हणजे यानंतर पुठ्ठ्यालाही काही कारण उरणार नव्हतं.

मी गाडी लावली. पुठ्ठा पुढे केला. त्याने घेतला, पण उजेडात धरला नाही. आत गेला आणि खणातून उरलेले तीन घेऊन आला. चारही त्याने बॉनेटवर ओळीने मांडले, लेबलं वर. हे मी ओळखते. नमुने असे मांडतात तेव्हा कुणाची तरी नोकरी जाते.

“हा पहिला,” इसिडोर म्हणाला. “इथे मोठा डाग. बाजूला शिंतोडे. इथे पसरलाय. इथे मांजर चालून गेलंय. बरोबर?”

“बरोबर.”

“ही गळती. आणि हे बाकीचे तीन.” त्याने खिशातून व्हर्नियर काढला, तो बारीक मापाचा चिमटा, आणि थेंबांच्या मध्ये धरला. “पाच थेंब. एका रेषेत. दोघांमध्ये बावीस मिलिमीटर. इथेही बावीस. पुढच्या पुठ्ठ्यावर — बावीस.”

“गाडी शिस्तीची आहे,” मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण लांबून आला.

“गाडी पंधरा वर्षांची आहे, मॅडम.”

पायरीवर लसूण सोलण्याचा आवाज थांबला होता.

“पहिल्याच वेळी कळलं होतं?”

“हो.”

“मग अजून एक पुठ्ठा आणा, असं का म्हणालात?”

त्याने व्हर्नियर उघडला. मिटला. पुन्हा उघडला.

“माझ्याकडे लोक एकदाच येतात,” तो म्हणाला. “मी नीट करून देतो ना. परत यायचं कारणच ठेवत नाही. सगळे म्हणतात इसिडोर प्रामाणिक, आणि जातात… तुम्ही कारण घेऊन आलात. तेसुद्धा लेबल लावून.”

मी लेबलांकडे बघत होते. माझं अक्षर चांगलं आहे, असं सगळे म्हणतात. त्या क्षणी त्याचा काही उपयोग नव्हता.

“पण मिस्टर…” तो अडखळला. “ते नसावेत असं मला वाटायचं. वाटणं चांगलं नाही, म्हणून मी धरून चाललो की आहेत.”

“असं का वाटायचं?”

“इंजिन धुतलं ना, त्या दिवशी गाडी आतूनही पुसली मी. डावीकडचा पट्टा ओढून बघितला. येतच नव्हता बाहेर. वर्षभर तरी कुणी ओढलेला नाही. बोटीवरून माणूस कितीही क्वचित येवो, बायकोच्या शेजारी एकदा तरी बसतोच ना?”

मग मी सांगितलं. देवदत्त ही एक बाटली आहे, हे सांगितलं. केतनशेठचे चौदा हजार सांगितले. बाबांचं सांगितलं, आणि मी अजून दर वेळी ‘पट्टा’ म्हणते, हेही. ते कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नाहीच ते. सांगून झालं तेव्हा वर चांदणी वाऱ्याने एकदा इकडे, एकदा तिकडे फिरली.

त्याने चहाचा ग्लास उचलला. बॉनेटवर ठेवला नाही. माझ्या हातात दिला, आणि सोडायला जरा उशीर केला.

“क्षमा,” तो म्हणाला. मॅडम नाही. “मंगळवारी आरटीओला मी येऊ?”

“गाडीत काही बिघडेल असं वाटतं?”

“नाही.”

“मग?”

“डावीकडे बसून येईन. काम काही नाही.”

“या,” मी म्हणाले. “मिस्टरांना विचारायचं नाहीये.”

“शेवटी हसली बाय!” पायरीवरून मावशी ओरडल्या. “तीन हप्ते मी बोंबील तळते, मला वाटलं हिचे दातच दुखतात!”

मंगळवारी तो सकाळी आठला आमच्या गेटवर हजर होता. तोच पांढरा शर्ट. खिशापाशी तेलाचा डाग राहिलेला, इस्त्री मात्र कडक. विद्याधरकाकांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग सवयीने खाली पेव्हर ब्लॉककडे. तिथे त्यांना काही सापडलं नाही.

डावीकडच्या सीटवर दीड वर्ष तशीच असलेली बाबांची उशी मी मागच्या सीटवर ठेवली. इसिडोर डावीकडे बसला. गुडघे डॅशबोर्डला लागत होते. सीट मागे घ्यायला त्याला संकोच वाटला असावा. मी आरसा ठीक केला, चावीला हात लावला आणि तोंडातून आपोआप निघालं,

“पट्टा.”

“येत नाहीये,” तो म्हणाला.

दीड वर्षात पहिल्यांदा त्या शब्दाला उत्तर आलं. मी चावी तशीच धरून काही वेळ समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर ‘येथे गाडी धुऊ नये’ असं लिहिलंय. त्याने पट्टा पुन्हा ओढला, अर्ध्यात अडकला, तेव्हा जेवढा आला तेवढा त्याने छातीवर ओढून हाताने धरला. संपूर्ण रस्ता तसाच धरून बसला, शाळेच्या फोटोत बसतात तसा ताठ. हायवेवर सकाळचं कोवळं ऊन काचेतून त्याच्या हातावर येत होतं. नखांच्या कडेला काळं होतं, ते कधीच जात नाही. एका सिग्नलला गिअरवर माझा हात होता आणि त्याचा रिकामा हात त्याच्या गुडघ्यावर… सिग्नल सुटला तेव्हा मागच्या रिक्षावाल्याला तीनदा हॉर्न द्यावा लागला.

“आता कुठल्या बंदरात असतील मिस्टर?” त्याने विचारलं.

“बुडाले.”

“अरेरे,” तो म्हणाला, आणि पट्टा अजून घट्ट धरला.

आरटीओत दोन तास रांग होती. मला त्या दोन तासांची काही घाई नव्हती. इन्स्पेक्टरने बॉनेट उघडलं, दिवे लावून बघितले, ब्रेक बघितला. मग खाली बसून टॉर्च मारला. बराच वेळ मारला. इसिडोर त्याच्यामागे वाकला, मी इसिडोरच्या मागे.

“तेल नाही,” इन्स्पेक्टर म्हणाला. “या वयाच्या गाडीला इतकं कोरडं इंजिन बघितलं नव्हतं.”

इसिडोरने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यासाठी मी अजून शंभर पुठ्ठे कापले असते. इन्स्पेक्टर तोवर गाडीत वाकला होता. बाहेर आला, फॉर्मवर काहीतरी लिहिलं, शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात दिला.

गाडी नापास झाली होती. कारण: डावीकडचा पट्टा अडकतो.